सिनसिनाटीच्या धक्क्यावरचा जुना फोटो कसा वाचायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीनिमित्त तुम्ही अमेरिकेत सिनसिनाटीला राहायला आलात. तिथे जुन्या वस्तूंच्या दुकानात नदीकाठचा एक फोटो मिळाला. ओहायो नदी, धक्क्याला लागलेल्या आगबोटी, दोन दगडी मनोऱ्यांचा झुलता पूल आणि मागे शहर. पाठीमागे काहीच लिहिलेलं नाही. फोटो कधीचा, त्यातली माणसं कोण असतील आणि त्या काळच्या लोकांच्या नोंदी कुठे मिळतील, हे तुम्हाला हवंय. जुने फोटो ओळखणं, त्यांची नोंद करणं आणि ते जपणं हेच माझं बरीच वर्षं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवातच "कधीचा" या प्रश्नाने करू नका. आधी फोटोत अशी एखादी गोष्ट शोधा, जिची त्या काळी कुणीतरी अगदी वेगळ्या कारणासाठी कागदावर नोंद केली असेल. बोटीचं नाव, दुकानाची पाटी, पुलाचा एखादा भाग, पाण्याची पातळी. फोटो काढणाऱ्याने तारीख लिहिली नसेल, पण बोट कधी आली, कधी सुटली हे लिहून ठेवणारा कारकून होता. फोटो आणि ती रुक्ष नोंद शेजारी ठेवली की दोन्हींतून माहिती मिळू लागते.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण तुमच्याच गावात आहे. चार्ल्स फोंटेन आणि विल्यम पोर्टर या दोघांनी १८४८ मध्ये नदीपलीकडे, केंटकीतल्या न्यूपोर्टमध्ये कॅमेरा लावून सिनसिनाटीचा सगळा किनारा आठ डॅगेरोटाइप प्लेटांवर टिपला. डॅगेरोटाइप म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा. आयोडीनच्या वाफेने तो प्रकाशाला संवेदनशील करायचा आणि कॅमेऱ्यातून काढल्यावर पाऱ्याच्या वाफेवर धरून चित्र उमटवायचं. निगेटिव्ह नसते, त्यामुळे प्रत्येक प्लेट एकमेव. इथली प्रत्येक प्लेट साडेसहा बाय साडेआठ इंचांची, आणि आठ शेजारी शेजारी लावल्या की जवळपास दोन मैलांचा किनारा डोळ्यासमोर येतो.

या प्लेटांवरही तारीख नव्हती. ती मिळाली धक्क्याला लागलेल्या बोटींवरून. कोणकोणत्या बोटी एकाच वेळी उभ्या आहेत ते ओळखून त्यांच्या ये-जा करण्याच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा २४ सप्टेंबर १८४८, रविवार, हा दिवस निघाला. पुढे रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउस या फोटोग्राफीच्या संग्रहालयात प्लेटांच्या जतनाचं काम झालं. तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली एका मनोऱ्यावरचं घड्याळ वाचता आलं: दुपारचे दोन वाजायला पाच मिनिटं. प्लेटवर त्या घड्याळाची तबकडी मिलिमीटरभर असेल-नसेल. डॅगेरोटाइपमध्ये बारकावा इतका असतो की मूळ प्लेटवरची धुळीची कणी कोणती आणि दूरची खिडकी कोणती, हेही तपासून ठरवावं लागतं. प्लेटा सिनसिनाटीच्या सार्वजनिक वाचनालयात आहेत. तुम्ही त्याच शहरात आहात, तर आधी जाऊन त्या बघाच.

बघताना एक गोष्ट खटकेल: एवढ्या गजबजलेल्या बंदरावर माणसं फार कमी दिसतात. एक तर रविवार. शिवाय त्या काळी प्लेटवर काही सेकंद प्रकाश पडू द्यावा लागे, त्यामुळे जो चालत होता तो पुसट झाला किंवा उमटलाच नाही. उभ्या बोटी, भिंती, वाळत घातलेले कपडे राहिले. जुन्या फोटोत रस्ता रिकामा दिसला म्हणून तो खरंच रिकामा होता असं समजू नका.

त्या रिकाम्या दिसणाऱ्या किनाऱ्यामागे किती मोठं शहर होतं ते आकड्यांतून कळतं. १८४० च्या जनगणनेत सिनसिनाटीची वस्ती ४६,३३८ होती, १८५० मध्ये १,१५,४३५. देशातल्या सहा मोठ्या शहरांत त्याची गणना व्हायची. डुकरांचं मांस खारवून पिंपांत भरायचं आणि बोटींनी खाली न्यू ऑर्लीन्सकडे पाठवायचं, हा मुख्य धंदा. उरलेल्या चरबीचा साबण आणि मेणबत्त्या होत. विल्यम प्रॉक्टर मेणबत्त्या करायचा, जेम्स गॅम्बल साबण, आणि १८३७ मध्ये दोघांनी भागीदारी केली. आज अनेक मराठी कुटुंबं ज्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीमुळे त्या गावात आली, तिचं मूळ त्या धक्क्यावरच्या चरबीत आहे. किनाऱ्यालगतच्या दाटीचा दुसरा परिणाम लगेच पुढच्या वर्षी दिसला. १८४९ च्या पटकीच्या साथीत शहरातली हजारो माणसं गेली. त्या प्लेटांवर दिसणाऱ्या खिडक्यांआडची किती माणसं वर्षभरात दगावली असतील, हा विचार मनातून जात नाही.

आता तुमच्या फोटोकडे वळू. पूल आहे म्हणजे बरंच काम सोपं झालं. तो जॉन रोबलिंग या अभियंत्याचा पूल. डिसेंबर १८६६ मध्ये तो पायी चालणाऱ्यांसाठी उघडला आणि १ जानेवारी १८६७ ला रीतसर सुरू झाला. मधला गाळा १,०५७ फुटांचा, त्या वेळी जगात सगळ्यात लांब. फोटोत नुसते मनोरे उभे असतील आणि रस्ता लटकलेला नसेल, तर फोटो त्याआधीचा. भिंगाखाली केबल मोजा. सुरुवातीला दोनच मुख्य केबल होत्या. १८९० च्या दशकात पूल मजबूत करताना आणखी दोन घातल्या. दोन दिसल्या तर फोटो त्या कामाच्या आधीचा, चार दिसल्या तर नंतरचा. मग शेजारचे पूल पाहा. न्यूपोर्टचा रेल्वेपूल १८७२ चा, चेसापीक अँड ओहायो रेल्वेचा १८८८ चा, सेंट्रल ब्रिज १८९१ चा. मागच्या आकाशरेषेत सेंट्रल ट्रस्टची उंच इमारत असेल तर १९१३ नंतरचा, कॅर्यू टॉवर असेल तर १९३० नंतरचा. जे दिसतं त्यावरून फोटो कधीनंतरचा ते ठरतं. जे दिसायला हवं होतं आणि दिसत नाही, त्यावरून कधीच्या आधीचा ते. मात्र ती जागा चौकटीत येते ना, हे आधी पाहा.

बोटीचं नाव बाजूच्या, पाणी कापणाऱ्या चाकाच्या घुमटाकार आवरणावर किंवा वरच्या मजल्यालगत रंगवलेलं असे. नाव सापडलं तर शोध एका दिवसापर्यंतही येऊ शकतो, पण एकाच नावाच्या दोन-तीन बोटी असतात, तिथे जपून. आयलंड क्वीनचंच घ्या. कोनी आयलंड या करमणुकीच्या बागेत सहलीला जाणाऱ्यांची ही लाडकी बोट. पहिली नोव्हेंबर १९२२ मध्ये धक्क्यावरच जळाली. त्याच नावाची दुसरी, पाच मजल्यांची, १९२५ मध्ये आली आणि सप्टेंबर १९४७ मध्ये पिट्सबर्गला स्फोट होऊन संपली. अशा बोटींचे फोटो, मालाच्या पावत्या, कप्तानांच्या वह्या यांचा मोठा संग्रह तुमच्याच वाचनालयात 'इनलँड रिव्हर्स लायब्ररी' या नावाने आहे. बोटींच्या फोटोंसाठी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या मर्फी ग्रंथालयाचा संग्रहही पाहा, फार मोठा आहे.

पूर असेल तर तारीख काढणं आणखी सोपं. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे यावरून सगळं गाव हिशेब करतं, तसंच सिनसिनाटीतही फुटांत मोजतात. ५२ फुटांना पूर समजतात. फेब्रुवारी १८८४ मध्ये पाणी ७१.१ फुटांवर गेलं, १९१३ मध्ये ६९.९ आणि २६ जानेवारी १९३७ ला ८० फुटांवर. रोजच्या पातळीच्या नोंदी आहेत. फोटोत पाणी दुकानाच्या दाराच्या कितव्या पायरीला लागलंय ते पाहायचं आणि त्या कोपऱ्याची उंची नकाशावरून काढायची. पातळी मिळाली की नोंदींतून दिवस निघतो. एक काळजी घ्या: तीच पातळी दोनदा येते, पाणी चढताना आणि उतरताना. भिंतीवर पाण्याच्या वर ओली रेघ किंवा चिखलाचा पट्टा दिसला तर पाणी उतरतंय. ही खूण १९३७ च्या ढीगभर अनामिक फोटोंत उपयोगी पडते.

वस्तूचं वय कागदावरूनही कळतं. पोस्टकार्डाच्या मागे पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये उभी रेघ असेल तर ते १९०७ नंतरचं. छोट्या व्यक्तिचित्राच्या मागे महसुली तिकीट चिकटवलेलं असेल तर ते १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या दरम्यानचं, कारण यादवी युद्धाच्या खर्चासाठी फोटोंवर तेवढेच दिवस कर होता. स्टुडिओचा पत्ता छापलेला असेल तर सोन्याहून पिवळं. फोटोग्राफर जागा बदलत राहत आणि प्रत्येक बदल डिरेक्टरीत येई.

या डिरेक्टऱ्या म्हणजे शहरातल्या रहिवाशांच्या छापील याद्या: नाव, धंदा, पत्ता. चार्ल्स सिस्टने १८४० च्या दशकात काढल्या, १८४९ पासून विल्यम्सच्या सुरू झाल्या. नुसतं एक वर्ष पाहू नका, एकच माणूस सलग दहा वर्षं पाहा. पहिल्या वर्षी मजूर, तीन वर्षांनी पिंपं करणारा, मग किराणा दुकानदार आणि घर नदीपासून दोन गल्ल्या वर. मग एके वर्षी त्याच पत्त्यावर बायकोचं नाव, पुढे "विधवा". एवढ्या चार-पाच ओळींत अख्खा संसार कळतो. लग्न झालेली बाई नवरा असेपर्यंत बहुधा यादीत नाहीच. काळ्या रहिवाशांच्या नावापुढे वेगळी खूण असे. ती खूण करणाऱ्यांनी अपमानासाठी केली असली, तरी आज त्यांच्या वंशजांना आपली माणसं शोधायला तीच उपयोगी पडते.

पत्त्यांत दोन खड्डे आहेत. १८९० च्या दशकात घरांचे क्रमांक नव्याने दिले गेले, त्यामुळे जुना क्रमांक घेऊन आज त्या दारात जाऊन उभं राहू नका. आणि १९१८ मध्ये, जर्मनीशी युद्ध चालू असताना, जर्मन नावांचे रस्ते बदलले. ओव्हर-द-ऱ्हाइन या जर्मन वस्तीतला ब्रेमेन स्ट्रीट रिपब्लिक स्ट्रीट झाला. घर शोधायला सॅनबोर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे वापरा. पन्नास फुटांना एक इंच अशा प्रमाणात प्रत्येक इमारत काढलेली असते: गुलाबी म्हणजे विटांची, पिवळी म्हणजे लाकडी, निळी म्हणजे दगडी. मजले किती, जिना कुठे, तळघरात भट्टी आहे का, सगळं असतं, कारण विमा कंपनीला आगीचा धोका मोजायचा होता. फोटोतली इमारत आणि नकाशातला रंग जुळला की कॅमेरा कुठल्या गच्चीवर होता तेही काढता येतं.

सरकारी नोंदींत मात्र मोठी भगदाडं आहेत. मार्च १८८४ मध्ये एका खुनाच्या खटल्यात ज्युरीने सौम्य निकाल दिला म्हणून लोक भडकले, दंगल तीन दिवस चालली, पन्नासच्या आसपास माणसं मेली आणि कोर्टाची इमारत पेटवली गेली. लग्नं, मृत्युपत्रं, जमिनींचे व्यवहार यांची कितीतरी दप्तरं त्यात जळाली. १८९० च्या जनगणनेची देशभरातली कागदपत्रं बहुतेक सगळी १९२१ मध्ये वॉशिंग्टनला आगीत गेली. म्हणजे १८८० ते १९०० या काळात तुमचा माणूस शोधायचा तर डिरेक्टरी, चर्चची बाप्तिस्मा आणि लग्नाची पुस्तकं, जर्मन आणि इंग्रजी वर्तमानपत्रं आणि स्प्रिंग ग्रोव्ह दफनभूमीची रजिस्टरं हाच आधार. १८४५ ला सुरू झालेल्या या दफनभूमीच्या नोंदी घरबसल्या पाहता येतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुमच्या फोटोत नदीचे दोन काठ आहेत. ते दोन देशांसारखे होते. अलीकडे ओहायो, जिथे गुलामगिरीला बंदी. पलीकडे केंटकी, जिथे माणूस विकत घेता येत होता. १८५० च्या जनगणनेत प्रथमच प्रत्येक मुक्त माणसाचं नाव लिहिलं गेलं, त्यामुळे सिनसिनाटीतल्या काळ्या न्हाव्याचं, धोबिणीचं, बोटीवरच्या आचाऱ्याचं नाव, वय, जन्मस्थान मिळतं. त्याच वर्षी, त्याच नदीच्या पलीकडच्या काठावर, गुलामांसाठी वेगळं रजिस्टर होतं. त्यात मालकाचं नाव आहे आणि खाली नुसत्या ओळी: वय, स्त्री की पुरुष, रंग. नाव नाही. ही दोन पानं शेजारी ठेवून पाहा. हिवाळ्यात ही नदी गोठली की माणसं बर्फावरून चालत अलीकडे येत. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर आपल्या कुटुंबाबरोबर अशीच आली, आणि तिचं नाव राहिलं ते खटला होऊन वर्तमानपत्रांत छापून आलं म्हणून. बाकीच्यांचा माग केंटकीतल्या वर्तमानपत्रांत आहे, पळालेल्या गुलामाला पकडून देणाऱ्याला बक्षिसाच्या जाहिरातींत. चेहरा, चालण्याची लकब, अंगावरचे कपडे, हाताला येणारं काम, सगळं वर्णन मालकाने केलेलं. आपल्याला त्याच्या शब्दांतून त्या माणसापर्यंत पोचावं लागतं.

ओहायोत गुलामगिरी नव्हती म्हणून तिथे सुख होतं असं नाही. १८३६ मध्ये गुलामगिरीविरुद्ध लिहिणाऱ्या जेम्स बर्नीचा छापखाना जमावाने फोडला आणि यंत्र याच नदीत टाकलं. तरीही याच गावात जेम्स प्रेस्ली बॉल या काळ्या फोटोग्राफरने १८५० च्या सुमारास असा स्टुडिओ थाटला की गोरे-काळे दोघंही रांग लावत. १८५५ मध्ये त्याने गुलामांच्या जगण्याच्या रंगवलेल्या चित्रांचा भलामोठा पट तयार करून लोकांसमोर मांडला. व्यक्तिचित्रांच्या जुन्या पेटाऱ्यात त्याची किंवा त्याचा मेहुणा अलेक्झांडर टॉमसची मोहर दिसली तर ती वस्तू फार जपून ठेवा. धक्क्यावर माल वाहणाऱ्या काळ्या हमालांबद्दल १८७० च्या दशकात लॅफ्काडिओ हर्न या तरुण बातमीदाराने स्थानिक वर्तमानपत्रांत लिहिलं, त्यांची गाणीही उतरवून घेतली. आणि १९०७ पासून वेंडेल फिलिप्स डॅबनी 'द युनियन' हे काळ्या समाजाचं वर्तमानपत्र चालवत. फोटोत जी माणसं पाठमोरी, ओझ्याखाली वाकलेली दिसतात, त्यांची लग्नं, सभा, भांडणं या पानांत आहेत.

म्हणून कुठलाही फोटो हातात घेतला की विचारा: याचे पैसे कुणी दिले? १९५० च्या दशकाच्या शेवटी शहराने वेस्ट एंडचा केन्यन-बार हा भाग पाडायचं ठरवलं. पाडण्याआधी तिथल्या इमारतींचे हजारो फोटो काढले गेले. बऱ्याच फोटोंत एक माणूस दाराशी इमारतीच्या क्रमांकाची पाटी धरून उभा आहे. मूल्यांकनाच्या फायलीसाठी काढलेले फोटो ते. पण पाटीच्या मागे खिडकीतून डोकावणारं पोर आहे, पायरीवर बसलेली म्हातारी आहे, न्हाव्याचं दुकान आहे, चर्चची पाटी आहे. पंचवीस हजारांहून अधिक लोक, बहुतेक काळे, तिथून हलवले गेले आणि त्या जागी रस्ते नि गोदामं आली. त्या वस्तीचा सगळ्यात संपूर्ण चित्रसंग्रह तिला पाडणाऱ्यांनीच केला, आणि आज तिथली कुटुंबं त्यातच आपलं घर शोधतात. हा संग्रह सिनसिनाटी म्युझियम सेंटरच्या इतिहास ग्रंथालयात, युनियन टर्मिनलमध्ये आहे. याच गावाच्या गरीब वस्त्या डिसेंबर १९३५ मध्ये कार्ल मायडन्सने केंद्र सरकारसाठी टिपल्या. ते फोटो अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. एकाच प्रकारच्या घराकडे दोन सरकारी कॅमेऱ्यांनी किती वेगळ्या नजरेने पाहिलं ते तुलना केल्यावर कळेल.

तुमच्या फोटोचं तातडीने करायचं काम एवढंच: लॅमिनेट करू नका, मागे पेनने काही लिहू नका, डाग पुसायला जाऊ नका. पुढची आणि मागची बाजू, कडांसकट, निदान ६०० डीपीआयला स्कॅन करा. मग मूळ फोटो आम्लरहित पाकिटात ठेवा. कुठल्या दुकानात, कुठल्या पेटीत, आणखी कशाबरोबर होता तेही वेगळ्या कागदावर लिहा. त्याच पेटीतला दुसरा फोटो कधीकधी सगळं उलगडून देतो, म्हणून दुकानदाराला ती पेटी कुठल्या घरातून आली ते विचाराच. केबल दोन की चार, धक्क्यावर पाणी कुठवर आणि जवळच्या बोटीवरची अक्षरं, या तीन गोष्टी मोठ्या करून पाहा आणि काय दिसलं ते कळवा. तिथून पुढे डिरेक्टरीचं नेमकं वर्ष ठरवू.